चिंचेतला खिळा

झाड विकायला कोणी आलं की आमच्या आरा मशीनवर त्याला पहिला प्रश्न एकच विचारतात: झाडात लोखंड आहे का? भाव, माप, वाहतूक हे सगळं त्यानंतर.

मशीन वडवणी-तेलगाव रस्त्याला लागून आहे. आजोबांनी ते बसवलं. आता आण्णा, म्हणजे माझे वडील, चालवतात. पत्र्याची उघडी शेड, जमिनीत निम्मं गाडलेलं एक मोठं चाक, त्याच्यावर दुसरं, आणि दोन्हींवरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. ओंडका गाड्यावर बांधायचा आणि गाडा रुळावरून पट्ट्याकडे ढकलायचा. ओंडक्यात खिळा असला तर पट्टा तुटतो, आणि तुटलेला पट्टा कुठे जाईल ते सांगता येत नाही. आमच्या मिस्त्रींच्या उजव्या कानाची पाळी अशाच एका पट्ट्याने नेली. मिस्त्री माझ्या जन्माच्या आधीपासून मशीनवर आहेत.

बरंचसं लोखंड लोक खरं सांगतात. कुंपणाची तार, झोक्याची कडी, म्हशीच्या साखळीचा हूक. एक लोखंड मात्र सांगत नाहीत. आमच्या भागात एखाद्या बाईला किंवा मुलीला फेफरं येऊ लागलं की तिला देवऋषाकडे नेत. तो तिला झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसवी, केसांची बट एका लांब खिळ्याला गुंडाळी आणि खिळा खोडात ठोकी. मग बट कापायची. बाई उठून घरी जाते, तिला धरून बसलेलं जे काही असेल ते झाडात राहतं, अशी समजूत. याला खिळणं म्हणतात. अजूनही होतं, बोललं जात नाही. झाड वाढत राहतं, खिळ्यावर लाकूड धरत जातं, आणि तीस-चाळीस वर्षांनी विकायला निघतं. विकणारा म्हणतो, "न्हाई ओ, साफ हाय झाड."

मिस्त्री त्या बोलण्यावर कधीच विसंबले नाहीत. लोखंड लाकडात मुरलं की त्याच्याभोवती निळसर काळा डाग धरतो. तो खोडातून वर-खाली वीतभर तरी पसरतो. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर तसला ठिपका दिसला की मिस्त्री मशीन बंद करायला लावत आणि छिनी घेऊन बसत. खिळा निघे. कधी त्याच्याभोवती केसही निघत. बंद लाकडात हवा जात नाही, त्यामुळे ते कुजलेले नसत. काळेच असत.

हे खिळे फेकायचे नाहीत, अशी आत्याची ताकीद होती. आत्या ही आण्णांची थोरली बहीण. तिचं लग्न झालं नाही. मशीनवर भुशाची पोती भरणं, साली वाळत घालणं, गिऱ्हाइकाला पाणी देणं हे सगळं तीच बघे. निघालेला खिळा ती पदरात घेई आणि मशीनमागच्या आमच्या बनात जाऊन दुसऱ्या झाडात ठोकून येई. केस असले तर केसांसकट. तिचं म्हणणं साधं होतं: ज्या बाईसाठी हा खिळा ठोकला ती कुठेतरी जिवंत असेल, संसार करत असेल. खिळा उघड्यावर पडला तर तिकडे ती पडेल.

त्यामुळे आमच्या बनातलं एकही झाड आमच्या मशीनवर कधी चढलं नाही. लिंब, चिंच, शिरस, बाभूळ, ओढ्यापर्यंत दाट वाढलेलं रान. आम्ही धारूरकडून ट्रॅक्टरने लाकूड आणायचो आणि मागे हे उभं. नवे व्यापारी विचारत, "मालक, घरचं सोडून भाईरचं कावून?" आण्णा म्हणत, "ती ठेवणीतली हायत."

बनात दुपारी गेलं तर पानांतून ऊन खोडांवर पडतं आणि खिळ्यांची डोकी चकाकतात. काही नवी, काही साल चढून निम्मी बुजलेली. आत्याला प्रत्येक झाड ओळखू येई. मी वर्तमानपत्रात लागल्यानंतर एकदा तिच्याबरोबर गेले होते. ती पुढे चालत होती आणि सवयीनं एकेका बुंध्याला हात लावत होती.

"ही तेलगावकडची," ती म्हणाली. "ही धर्मापुरीची, लई लांबून आली. आन् ह्या दोघी एकाच घरच्या. सासू-सुना असतील."

"कशावरून?"

"एकाच झाडातनं निघाल्या. तोंडं दोन दिशेला."

ती हसली. मी हसले नाही, कारण ती झाडांविषयी बोलतच नव्हती, बायकांविषयी बोलत होती.

तिचा स्वतःचा खिळा बनाच्या कडेला, रस्त्याच्या बाजूला, ओढ्यावरच्या पुलाजवळच्या चिंचेत होता. सातव्या वर्षापासून तिला फेफरं यायचं. नवव्या वर्षी आजोबांनी देवऋषी बोलावला. त्यानं तिला चिंचेला टेकून जमिनीवर बसवलं आणि डोक्याच्या टाळूलगत खिळा ठोकला. घाव बसला तेव्हा दात दातावर आपटले, एवढं तिला स्वच्छ आठवत होतं. देवऋषानं जाताना एक बंधन घातलं: झाड ज्या शिवारात उभं आहे त्याची शीव ओलांडून मुक्काम करायचा नाही. दिवसा कुठेही जावं, दिवस मावळताना परत यावं.

त्यानंतर तिला फेफरं आलं नाही. काही मुलांचं फेफरं वयात येताना आपोआप थांबतं, असं बीडच्या एका डॉक्टरांनी मला सांगितलं. मी ते आत्याला सांगितलं.

"आसंल," ती म्हणाली. "पर त्यानं ठोकलता बी की."

बंधन तिनं पन्नासहून जास्त वर्षं पाळलं. वडवणीच्या बाजाराला ती जाई आणि चारच्या गाडीनं परत येई. मुक्कामाच्या लग्नांना गेली नाही. स्थळं आली, ती शिवेबाहेरची होती म्हणून परत गेली. तिची आई बीडच्या दवाखान्यात शेवटच्या दिवसांत होती. आत्या रोज सकाळी जायची आणि रोज दुपारी निघायची. आई गेली ती संध्याकाळी सात वाजता. आत्या तेव्हा घरी चूल पेटवत होती.

गेल्या वर्षी रस्ता रुंद करायचं काम आमच्यापर्यंत आलं. कडेच्या झाडांवर लाल रंगाने आकडे पडले. पुलाजवळच्या चिंचेवरही पडला. तोडलेलं लाकूड आम्हालाच घेता येणार होतं, कारण त्या टप्प्यात दुसरं मशीन नव्हतं. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. गावातली निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली, दारांना कुलपं, अंगणात कुत्री. आण्णांचा फोन आला. "तू ये," एवढंच म्हणाले. मी तीन दिवसांची रजा घेतली.

मी पोचले तेव्हा शेडमध्ये मशीन बंद होतं आणि दोघं बहीण-भाऊ समोरासमोर बसले होते. आण्णांनी ठरवलं होतं: खिळा ज्या भागात आहे तेवढा तुकडा अखंड ठेवायचा, त्याला पट्टा लावायचा नाही, आणि तो तुकडा नेऊन बनात पुरायचा. म्हणजे शिवारातच राहील.

"आन् मी?" आत्यानं विचारलं.

"तू हायस तशी राहशील. त्याच्यासाठीच तर चाललंय."

"मला तशी ऱ्हायचं न्हाई. खिळा काढून माझ्या हातावर ठेवा."

"आक्का, पुन्हा पडायला लागलीस म्हणजे?"

"पडंन."

"चुलीवर पडशील. हिरीत पडशील."

"मंग काढा हिरीतनं." ती माझ्याकडे वळली. "हिनं बीडात घर बांधून आठ वर्सं झाली. मी फोनात बघितलंय. हिच्या घरी एकदा झोपायचं हाय मला. एवढंच हाय, दुसरं काय मागितलं न्हाई मी तुमाला."

आण्णा उठून गेले. ते रागावले होते असं तेव्हा वाटलं. शेडमागे जाऊन ते ओंडक्यांच्या ढिगाकडे तोंड करून उभे राहिले. आत्याचं शेवटचं फेफरं त्यांनी पाहिलं होतं. ते तेव्हा पाच वर्षांचे होते आणि घरात ती दोघंच होती.

खिळा कुठल्या उंचीवर आहे ते ठरवणं अवघड नाही, असं आम्हाला वाटलं. झाड शेंड्याकडे वाढतं आणि रुंदीत वाढतं. खोडात ठोकलेली गोष्ट वर सरकत नाही, आत बुजते. म्हणजे जमिनीवर बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलीचं डोकं जिथं येईल, तिथं खिळा. मिस्त्रींची नात नऊ वर्षांची होती. आण्णा म्हणाले, तिला दोन मिनिटं आणा, झाडाला टेकून बसवू, खडूनं खूण करू.

"न्हाई मालक," मिस्त्री म्हणाले. "तुमच्या घरचं मीठ खाल्लंय, काय म्हणाल ते करीन. पर पोरीला त्या झाडाला न्हाई लावायचं."

दुसऱ्या दिवशी ते घरून एक सागाची पट्टी घेऊन आले. नातीला घरातल्या भिंतीला टेकून बसवलं होतं आणि डोक्याशी पट्टीवर पेन्सिलची रेघ मारली होती. उंची घेऊन आले, नात नाही. पट्टी त्यांनी चिंचेला लावली. त्यांनी आणि आण्णांनी वाकून पाहिलं. तिथं साल इतर सालीसारखीच होती.

तोडणारी टोळी दहाच्या सुमारास आली. चारजण आणि पेट्रोलवर चालणारी करवत. झाडाचं काय आहे ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना माहीत होतं.

"तू लाव बे पहिला हात."

"मी कावून? तुजं लगीन झालंय, तुला आता आनखी काय धरनार?"

"आरं, हिला इच्यारा की. मावशी, लावू का?"

आत्या रस्त्याच्या पलीकडे दगडावर बसली होती. "लावा की," ती म्हणाली. "माझ्यासाठी कशाला थांबता, दुपारचं जेवन थंड हुईल."

ते हसले आणि करवत सुरू झाली. जमिनीपासून वीतभर सोडून त्यांनी कापलं. चिंच पडायला पंचवीस मिनिटं लागली. पडल्यावर त्या जागी एकदम उजेड आला आणि बनाची पहिली रांग रस्त्यावरून दिसू लागली. खिळ्यांची डोकी दिसत होती. टोळीतला एकजण तिकडे बघत उभा राहिला, मग त्यानं पाठ फिरवली. बुडाचा आठ फुटी ओंडका दुपारी मशीनवर आला.

मिस्त्रींनी पट्टा चालवला नाही. दोन माणसांनी ओढायची जुनी करवत काढली. ओंडक्याच्या बुडापासून पट्टी धरली, खाली जमिनीत राहिलेली वीतभर उंची वजा केली, खडूनं गोल रेघ मारली आणि रेघेच्या वरून-खालून कापून एक चकती वेगळी केली. चकतीच्या दोन्ही बाजू पाण्यानं धुतल्या. लाकूड बाहेरच्या बाजूनं पिवळट पांढरं, मध्यभागी जांभळट काळं, चिंचेचं असतं तसं. निळा डाग नव्हता.

खाली आणखी एक चकती कापली. डाग नव्हता. वर दोन कापल्या. नव्हता. अंधार पडायच्या आत ओंडक्याचे सात तुकडे झाले होते आणि सगळे साफ होते.

"त्यानं ठोकलाच नसंल," आण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा हुरूप होता. "देवरशी लबाड आसतेत. बट कापली आसंल, खिळा खिशात घातला आसंल. आक्का, काहीच नव्हतं बघ."

"माझे दात आपटले."

"त्यानं टपली मारली आसंल."

"टपली मला कळती."

मिस्त्री ओंडक्याच्या सगळ्यात खालच्या तुकड्यापाशी उकिडवे बसले होते आणि त्याच्या कडेवरून तळहात फिरवत होते. मग म्हणाले, "मालक, ह्याला पाय न्हाईत."

आम्ही जवळ गेलो. चिंचेचा बुंधा जमिनीला टेकतो तिथं तो पसरतो, मुळांकडे जाणाऱ्या जाड शिरा फुटतात. लाकडावाले त्यांना पाय म्हणतात. हा ओंडका बुडापर्यंत खांबासारखा सरळ होता. म्हणजे झाडाचे पाय आणखी खाली होते.

ओढ्यावरचा पूल तीनदा उंच केला होता. दर वेळी दोन्ही बाजूंना मुरूम पडला, रस्ता वर आला, आणि चिंच कमरेएवढी गाडली गेली. आण्णांनी ते काम बघितलं होतं, एकदा तर मुरमाचे ट्रॅक्टर आमच्याच शेडसमोर उभे होते. पण आम्ही लाकडाचे लोक. माप घ्यायचं तर ओंडक्याच्या बुडापासून घेतो. जमीनच वर आली असेल हे चौघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. नवव्या वर्षी आत्या जिथं बसली होती ती जमीन आता रस्त्याखाली होती, आणि तिचा खिळा ओंडक्यात नव्हता. तो मागे राहिलेल्या बुडख्यात होता.

सकाळी सातला आम्ही पुलावर गेलो. बुडख्याच्या जागी खड्डा होता. आदल्या दिवशी संध्याकाळी, आम्ही चकत्या कापत होतो तेव्हा, जेसीबीनं मुळासकट उपसून काढला होता. खड्ड्याच्या कडेला तुटलेली मुळं ओली दिसत होती. रोलरवरच्या माणसानं सांगितलं, पुलापासूनचे सगळे बुडखे वीटभट्टीवाल्यानं नेले.

भट्टी वडवणीच्या बाजूला, आमच्या शिवेच्या पलीकडे होती. आण्णा, मिस्त्री, आत्या आणि मी जीपनं गेलो. भट्टी रचून झाली होती. कच्च्या विटांचे थर, मधे जळणाचे थर, बाहेरून चिखलानं लिंपलेलं, दोन माणसं उंच. भट्टीवाला बाजेवर चहा पीत होता.

"चिंचेचा बुडखा? आलता की. लई मोठा. फोडला आन् मधी घातला."

"काढायचा," आण्णा म्हणाले.

"मालक, तुमी लाकूडवाले, आन् बुडखा माझ्याकडं मागता?" तो हसला. मग त्यानं आण्णांचं तोंड बघितलं आणि हसायचा थांबला. "भट्टी रचली. आता काढायचं म्हणजे सगळी उतरवायची. दोन दिवसांचं काम हाय, निम्म्या इटा फुटतील."

"नुकसान मी भरीन."

"भरा हो. पर मला सांगा तरी हाय काय त्याच्यात?"

भट्टीवाल्यानं आत्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं असावं, कारण त्यानं चहाची बशी खाली ठेवली आणि उभा राहिला. "मी आज दिवस मावळता पेटवणार हाय," तो सावकाश म्हणाला. "वारं पडल्यावर. तवर तुमचं काय ते ठरवा."

आत्या भट्टीभोवती एक चक्कर मारून आली. लिंपलेल्या ओल्या चिखलावर तिनं हात ठेवला, बनातल्या झाडांना लावायची तसा.

"पेटू दे," ती म्हणाली.

"आक्का!"

"तुमी लोकांनी तो काढला आसता तरी मला दिला नसता. पुन्हा पुरला असता. त्यापरीस पेटू दे."

"त्याच्यात तू हायस."

"हाय न्हवं? मंग मला इच्यारा. त्या दिवशी बी कुणी इच्यारलं न्हाई. बाबांनी धरलं, त्यानं ठोकलं." तिनं आण्णांच्या बंडीवरचा भुसा झटकला, ते लहान असल्यासारखं. "तू घरी जा. हिच्या गाडीनं मी जाते बीडला. साडेपाचची हाय न्हवं?"

आण्णा म्हणाले, त्यांना आजवर एवढंच जमलं होतं, तिला संभाळणं, आणि तेही ती काढून घेत होती. हे त्यांनी भट्टीवाल्यासमोर, मिस्त्रींसमोर म्हटलं. ते एरवी असं बोलणारे नाहीत. आत्या म्हणाली, "लई संभाळलंस. बास झालं."

मिस्त्रींनी विचारलं, "आक्का, बनातल्या बाकीच्यांचं काय?"

"ते मला ठावं न्हाई," ती म्हणाली.

साडेपाचच्या एसटीला गर्दी नव्हती. आत्याजवळ एक पिशवी होती, तिच्यात एक लुगडं आणि माझ्यासाठी चिंचेचा गोळा, जुन्या वर्षीचा. कंडक्टरनं विचारलं, "वडवणी?" ती दर आठवड्याला वडवणीचंच तिकीट काढायची. ती म्हणाली, "बीड. एक पुरं. हिचं हिनं काढलंय."

आण्णा स्टॉपवर आले नाहीत. मिस्त्री आले होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वर केला आणि तसाच ठेवला.

शीव ओलांडली तेव्हा पाच वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. भट्टीपाशी धूर नव्हता. भट्टीवाला दोन माणसांबरोबर तोंडापाशी उभा होता आणि रस्त्याच्या कडेला आमची जीप होती. आण्णा जीपमध्ये बसलेले दिसले. आत्यानं तिकडे पाहिलं नाही. ती समोरच्या सीटच्या दांड्याला धरून ताठ बसली होती. सूर्य उसाच्या फडाआड गेला होता, उजेड अजून होता.

"थंडी वाजती का?" मी विचारलं.

"न्हाई. वास येतोय."

"कशाचा?"

"लोखंडाचा," ती म्हणाली, आणि तिचा हात दांड्यावरून सुटला.

मी घड्याळ पाहिलं: पाच अठ्ठावन्न. ती माझ्या अंगावर पडली, मग सीटवरून खाली. पाय ताठ झाले, मुठी वळल्या. मी डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याप्रमाणे तिला कुशीवर केलं आणि डोक्याखाली पिशवी दिली. गाडीत सगळे एकदम बोलू लागले.

"कांदा हाय का कुनाकडं?"

"चप्पल लावा, चप्पल, नाकाला!"

"चमचा घाला तोंडात, दात बसतेत!"

"काही घालू नका," मी म्हणाले. मला दुसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं. तिचे दात एकमेकांवर आपटत होते आणि तो आवाज इंजिनाच्या आवाजातही ऐकू येत होता. दोन मिनिटं दहा सेकंद. मग हात सैल पडले आणि ती जोरात श्वास घेऊ लागली.

गाडी वडवणीच्या स्टँडवर शिरत होती. माझा फोन वाजला. आण्णा होते.

"पेटवली," ते म्हणाले.

"कधी?"

"आत्ता. पाच-सात मिनिटं झाली आसतील. पेट चांगला घेतलाय." मग, "आक्का कशी हाय?"

मी काय उत्तर दिलं ते नीट आठवत नाही. बहुतेक, बसलीय असं म्हणाले. ती तोपर्यंत खरोखर उठून बसली होती. एका बाईनं तिच्या तोंडावर पाणी मारलं होतं आणि तिच्या कपाळावरून ते गळत होतं. ओठाच्या कोपऱ्यात रक्त होतं. तिनं ते पदरानं पुसलं, पदराकडे पाहिलं, आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. दिवे लागले होते.

कंडक्टर वाकून उभा होता. "ताई, हितं सरकारी दवाखाना हाय, जवळच हाय. उतरून घ्या. म्हातारं माणूस हाय, फुडं काय झालं तर रस्त्यात काय करणार? न्हाई तर उलटी गाडी लागलीच हाय, घरी तरी जावा."

"कुठलं आलं?" आत्यानं मला विचारलं.

"वडवणी."

"बाजाराचं." ती शब्द सावकाश जुळवत होती. "दिवे लागलेलं बघितलंच न्हाई मी हे कदी."

मी तिला सांगितलं काय झालं ते. किती वेळ, तेही सांगितलं. तिनं मान हलवली, जणू हे तिला आधीच कळलं होतं.

"मावशी, काय करायचं?" कंडक्टर म्हणाला. "गाडी किती येळ थांबवू?"

तिनं लुगड्याच्या कनवटीला हात घातला. तिकीट काढलं, ओलं झालं होतं, बोटांनी सरळ केलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"बीडचं हाय न्हवं हे?"

"हाय."

"मंग मार बेल."

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पडलेली पिशवी उचलून तिच्या मांडीवर ठेवली. त्यानं दोरीला हात घातला आणि बेल दिली, दोनदा.